ब्रेक दाबला की विझणारा दिवा

मामांनी ब्रेक दाबला आणि दिवा विझला.

लागायला हवा होता, तो विझला. लिव्हर सोडली की पुन्हा लागला. पुन्हा दाबली, पुन्हा गुल. बीदर जिल्ह्यातल्या कमलनगरमधे एका गॅरेजपुढे मी स्कूटरच्या मागे उकिडवा बसून हा तमाशा बघत होतो आणि मामा हँडलजवळून विचारत होते, "लागला का रे?" काय उत्तर द्यावं कळेना. मागे तीन लाल दिवे होते. मधला गाडीचा मूळचा. डावीकडचा आणि उजवीकडचा त्याच दिवशी दुपारी बसवलेले. मधला आणि डावा शहाण्यासारखे वागत होते : एरवी मंद, ब्रेक दाबला की लख्ख. उजव्याचं मात्र सगळं उफराटं. एरवी मंद आणि ब्रेकला ठार काळोख.

"उस्ताद, बल्ब गेला असेल," मी म्हटलं.

उस्तादांनी मान हलवली. आमच्याकडे मिस्त्रीला उस्ताद म्हणतात. गिऱ्हाईक मराठीत बोलतं, पोऱ्या कानडीत उत्तर देतो आणि खरा सल्ला दख्खनीत मिळतो. "पैले अर्थिंग देखो, बल्ब कू बाद में देखते," उस्ताद म्हणाले आणि पाना घेऊन खाली वाकले. गेलेला बल्ब कधीच लागत नाही, हा तर लागत होता. फक्त चुकीच्या वेळी. त्याचं कारण कळलं तेव्हा मला शाळेतलं विजेचं प्रकरण पहिल्यांदा समजलं, असं म्हटलं तरी चालेल. पण तिथवर जायच्या आधी हे दिवे लावायचेच कशाला, ते सांगायला हवं.

मामांच्या डाव्या पायाला लहानपणी पोलिओ झाला. आपल्या देशातली पोलिओच्या रानटी विषाणूची शेवटची नोंद जानेवारी २०११ ची, पश्चिम बंगालमधल्या हावड्याची. २७ मार्च २०१४ ला भारत पोलिओमुक्त असल्याचं प्रमाणपत्र मिळालं. मामा त्याच्या कितीतरी आधीच्या पिढीतले. या पिढीला खरे पाय दिले ते गिअर नसलेल्या स्कूटरनं. १९८४ साली कायनेटिक होंडा आली. बटणावर सुरू होणारी, पायानं काही करायला न लावणारी. मग तिच्यासारख्या गाड्यांना दोन्ही बाजूंनी जादा चाकं लावून घ्यायची सोय झाली. गाडी उभी केली तरी पडत नाही, पाय टेकावा लागत नाही. मागून पाहिलं तर मधे एक आणि बाजूंना दोन अशी तीन चाकं. पुढचं धरून चार, पण लोक तिला सर्रास तीनचाकीच म्हणतात. कायद्यात अशा गाडीला पूर्वी 'इन्व्हॅलिड कॅरेज' असं ऐकायला नकोसं नाव होतं. २०१९ च्या दुरुस्तीत ते गेलं आणि चालवणाऱ्याच्या गरजेप्रमाणे बदल करून घेतलेलं वाहन असा शब्दप्रयोग आला. नाव बदललं ते बरंच झालं.

गाडी रुंद झाली. दिवा मात्र एकच राहिला, तोही बरोबर मधे. सगळी गोम इथे आहे.

अंधारात मागून येणाऱ्या ट्रॅक्टरवाल्याला स्कूटर दिसत नाही, लाल ठिपका दिसतो. एक ठिपका म्हणजे दुचाकी, असं त्याच्या डोक्यात पक्कं बसलेलं. दुचाकी म्हणजे हातभर जागा. तेवढी जागा सोडून तो बाजूनं काढतो आणि बाहेर आलेलं चाक त्याच्या हिशेबातच नसतं. दिवा खोटं बोलत नाही, पण अर्धंच सांगतो. इथे गाडी आहे एवढं सांगतो, किती रुंद आहे ते सांगत नाही.

दोन कडांना दोन दिवे लावले की काय होतं, ते मला फार गमतीचं वाटतं. समजा, दोन दिव्यांत एक मीटर अंतर आहे. शंभर मीटरवरून पाहिलं तर ते अंतर डोळ्याला जवळजवळ पौर्णिमेच्या चंद्राएवढं दिसतं, साधारण अर्धा अंश. पन्नास मीटरवर आलात की दोन चंद्र मावतील एवढं. पंचवीसवर चार. अंतर निम्मं झालं की फट दुप्पट होते आणि ही वाढती फट डोळा आपोआप मोजतो, डोक्याला कळायच्या आधी पाय ब्रेकवर जातो. एकुलत्या दिव्याला ही भाषा येत नाही. तो जवळ आला तर थोडा उजळ होतो, एवढंच. आणि उजळ म्हणजे जवळ की नुसता मोठा बल्ब, हे कोण सांगणार? तोच दिवा दोन ठिकाणी लावला की अंतर, वेग आणि रुंदी तिन्ही सांगायला लागतो. दोनपाचशे रुपयांच्या वस्तूकडून आणखी किती अपेक्षा करायची!

जादा दिव्यानं खरंच फरक पडतो का, याचा एक जुना प्रयोग आहे. जॉन व्हॉएव्होड्स्की नावाच्या मानसशास्त्रज्ञानं सत्तरच्या दशकात सॅन फ्रान्सिस्को भागातल्या ३४३ टॅक्स्यांच्या मागे मध्यभागी वेग कमी होताना इशारा देणारा एक जादा दिवा बसवला आणि १६० टॅक्स्या होत्या तशाच ठेवल्या. कुणाला कुठली टॅक्सी मिळेल हा नशिबाचा भाग. हिशेब केला तेव्हा जादा दिव्याच्या टॅक्स्यांना मागून बसणाऱ्या धडका, तेवढ्याच मैलांमागे, ६०.६ टक्क्यांनी कमी निघाल्या. अमेरिकेनं १९८६ च्या मॉडेलपासून प्रत्येक मोटारीला मध्यभागी तिसरा ब्रेकदिवा सक्तीचा केला. आज आपल्या मोटारींच्या मागच्या काचेत जो दिसतो, तोच हा. पुढे मात्र गंमत झाली. सगळ्याच गाड्यांना तो दिवा आला आणि १९९८ च्या सरकारी अभ्यासात फायदा सव्वाचार टक्क्यांच्या आसपास येऊन थांबला. डोळा सरावला. नव्या नवरीकडे सगळे बघतात, तसं झालं. मामांच्या दिव्यांचं तसं होणार नाही, असं माझं मत. तिथे नवलाईचा प्रश्न नाही, भूमितीचा आहे. रुंदी दिसायला लागली की ती दिसतच राहते.

आता वायर.

दिवा लावणं म्हणजे दोन बोल्ट आवळणं, दहा मिनिटांचं काम. दिव्यापर्यंत वीज नेणं हे खरं काम. उस्तादांनी आधी सीट उचलली, मागचं प्लॅस्टिक सोडवलं आणि मूळ टेल लाइटमागचा कपलर बाहेर ओढला. पाच-सहा रंगीत वायरी. होंडाच्या दुचाक्यांत त्यांची भाषा ठरलेली आहे : हिरवी म्हणजे अर्थ, तपकिरी टेलची, हिरवीवर पिवळी रेघ असलेली ब्रेकची, नारिंगी डाव्या इंडिकेटरची आणि आकाशी उजव्याची. एकदा ही बाराखडी आली की गाडी वाचता येते. दुसऱ्या कंपन्यांची लिपी वेगळी असते, म्हणून शहाणा मिस्त्री रंगावर भरवसा ठेवत नाही. टेस्ट बल्बचं एक टोक बॉडीला, दुसरं वायरीला, मग पोऱ्याला ओरडून सांगतो, "ब्रेक दाब!" जी वायर पेटवेल ती ब्रेकची.

बल्ब हातात घेऊन बघा, त्यातही कारागिरी आहे. एकाच काचेत दोन फिलामेंट : ५ वॅटचा टेलसाठी, २१ वॅटचा ब्रेकसाठी. बुडाशी दोन शिसाचे ठिपके, प्रत्येक फिलामेंटला एक. पितळी अंग दोघांचा मिळून अर्थ. आणि अंगावर बाजूंना दोन छोट्या खुंट्या, पण एक वर आणि एक किंचित खाली. सारख्या उंचीवर असत्या तर बल्ब उलटाही बसला असता आणि टेलच्या जागी ब्रेकचा फिलामेंट जळत राहिला असता. त्या एवढ्याशा फरकानं अंधारात चाचपडत बल्ब बसवणाऱ्याची चूक होऊच दिली नाही. ज्यानं हे सुचवलं त्याला माझा नमस्कार. त्याच बल्बचं आणखी एक काम : लाल काचेच्या खालच्या बाजूला एक पारदर्शक फट असते, तिच्यातून पांढरा उजेड खाली नंबर प्लेटवर पडतो. एक बल्ब, मागच्याला लाल आणि 'केए ३८' ला पांढरा.

उस्तादांनी मूळ वायर कापली नाही, हे मला आवडलं. कपलरच्या मधे तीन तोंडांचा जोड टाकला. एक तोंड गाडीकडून, एक मूळ दिव्याकडे, एक नव्यांकडे. उद्या काढायचं म्हटलं तर ओढून काढता येतं. अनेक ठिकाणी वायर मधेच सोलून, पीळ देऊन, वर काळी टेप गुंडाळतात. पहिल्या पावसाळ्यात टेपचा डिंक सुटतो, तांब्यावर हिरवा गंज चढतो आणि दुसऱ्या पावसाळ्यात दिवा रुसतो.

मग आला रस्ता ठरवण्याचा प्रश्न, आणि इथे मिस्त्रीची अक्कल कळते. स्कूटरचं इंजिन मोटारसायकलसारखं चेसिसला घट्ट बसवलेलं नसतं. इंजिन आणि मागचं चाक मिळून एकच भाग, आणि खड्ड्यात तो सगळा भाग वरखाली झुलतो. म्हणजे इंजिनला बांधलेली वायर प्रत्येक खड्ड्याला ताणली जाणार. तांब्याच्या वायरीत आत बारीक केसांसारखे धागे असतात. एका जागी पुन्हा पुन्हा दुमडलं की ते एकेक करून तुटतात आणि वरचं रबरी कातडं मात्र धडधाकट दिसतं. बाहेरून वायर साबूत, आत मेलेली. असला दोष शोधताना केस पांढरे होतात. म्हणून उस्तादांनी वायर चेसिसला धरून नेली. जिथे ती हलणाऱ्या चाकाच्या मडगार्डवर जाते, तिथे वीतभर सैल फेरा सोडला आणि फेऱ्याच्या दोन्ही बाजूंना टाय मारले, मधे नाही. सैल फेरा म्हणजे गबाळेपणा असं मला आधी वाटलं होतं. तो वायरीला दिलेला गुडघा होता.

या गाडीत सायलेन्सर उजवीकडे. साध्या वायरीचं पीव्हीसी सत्तर अंश सेल्सिअसपुढे मऊ पडायला लागतं, आणि चढावर तापलेला सायलेन्सर त्याच्या कितीतरी पुढे असतो. म्हणून उजव्या दिव्याचीही वायर डावीकडून खाली आणून मागच्या आडव्या पाइपावरून उजवीकडे नेली. दोन फूट वायर जास्त गेली. जाऊ दे. पत्र्याच्या भोकातून वायर जाते तिथे रबरी बूश घातला. पत्र्याची कड चाकूसारखी असते, धक्क्याधक्क्यानं ती कातडं कापते, तांबं बॉडीला टेकतं आणि फ्यूज उडतो. फ्यूज उडाला तर नशीबच समजायचं. फ्यूजच्या जागी सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळलेली असेल तर मग वायरच फ्यूज होते.

उंदरांचं राहिलं. उंदराचे पुढचे दात जन्मभर वाढत राहतात, म्हणून त्याला कायम काहीतरी कुरतडायला लागतं. तुरी-उडदाच्या पोत्यांशेजारी लावलेल्या गाडीची वायर त्याला आयती मिळते. त्यावर उस्तादांचा उपाय : वायरीवर घट्ट पन्हाळीची नळी चढवायची. उंदीर मग दुसऱ्याच्या गाडीकडे जातो.

हे सगळं होत असताना मी एक हिशेब करत होतो. तो केल्यापासून कुठलाही ब्रेकदिवा मला पहिल्यासारखा दिसत नाही. २१ वॅटचा बल्ब १२ व्होल्टवर पावणेदोन अँपिअर ओढतो. अर्ध्या चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या वायरीतून एवढा प्रवाह जाताना आतले इलेक्ट्रॉन किती वेगानं सरकतात? सेकंदाला पाव मिलिमीटर. मुंगी त्यांना लाजवेल. हँडलच्या स्विचपासून मागच्या दिव्यापर्यंत दोन मीटर वायर धरली, तर तेवढं अंतर कापायला एका इलेक्ट्रॉनला दोन तासांहून जास्त लागतील. तेवढ्यात माणूस कमलनगरहून उदगीरला जाऊन, चहा पिऊन परत येईल. मग दिवा लगेच कसा लागतो? कारण वायर आधीच इलेक्ट्रॉनांनी भरलेली आहे, पाण्यानं भरलेल्या नळीसारखी. इकडून ढकललं की तिकडचं बाहेर पडतं. तो धक्का मात्र प्रकाशाच्या वेगाशी स्पर्धा करत जातो. दिव्यापर्यंत पोचतो तो निरोप, निरोप्या अजून वाटेतच असतो.

जुन्या बऱ्याच गाड्यांत टेल लाइट बॅटरीवर नसे, थेट इंजिनाबरोबर फिरणाऱ्या मॅग्नेटोवर चाले. इंजिन संथ झालं की दिवा पिवळट होई, ॲक्सिलेटर पिळला की उजळे. तिथे तर प्रवाह क्षणाक्षणाला दिशा बदलतो. म्हणजे इलेक्ट्रॉन जागच्या जागी डुलतो, पोचत कधीच नाही. अशा गाडीत जादा बल्ब लावायचे तर जपून. मॅग्नेटोच्या कॉइलची ताकद ठरलेली असते, मागे दोन तोंडं वाढली की पुढच्या हेडलाइटच्या तोंडचा घास जातो. एप्रिल २०१७ पासून दुचाक्यांचा हेडलाइट इंजिनाबरोबर आपोआप लागतो आणि टेलही. म्हणजे तो घास दिवसाढवळ्याही जातो. मामांची गाडी नवी, तिचं टेल आणि ब्रेक दोन्ही बॅटरीवर. हे लक्षात ठेवा, उजव्या दिव्याचं कोडं यावरच सुटणार आहे.

पुढचा हिशेब स्विचचा. ब्रेक लिव्हरखालचा तो इवलासा स्विच एका बल्बसाठी, पावणेदोन अँपिअरसाठी बनलेला. त्याच्यावर तीन बल्ब टाकले की सव्वापाच अँपिअर. काही दिवस चालेल. मग आतली टोकं काळी पडतील, स्विच गरम होईल आणि एक दिवस तिन्ही दिवे एकदम जातील. म्हणजे सुरक्षेसाठी दोन दिवे वाढवले आणि होता तोही घालवला. यावर उतारा म्हणजे रिले. स्विचनं फक्त रिलेच्या छोट्या कॉइलला इशारा द्यायचा, तिला जेमतेम दीड-दोन दशांश अँपिअर लागतो. कॉइलचं चुंबक आतला जाड संपर्क खटकन ओढून घेतं आणि मोठा प्रवाह बॅटरीकडून फ्यूजमार्गे सरळ दिव्यांना जातो. रिले हा शब्द विजेच्या आधी घोड्यांचा. डाकेच्या वाटेवर ठिकठिकाणी ताजे घोडे ठेवत, थकलेला सोडून नव्यावर स्वार व्हायचं. तारयंत्रात लांब जाऊन दमलेल्या प्रवाहानं पुढच्या ताज्या प्रवाहाला चालू करायचं, ही युक्ती एकोणिसाव्या शतकातली, आणि नाव घोड्यांचं आलं. आज तो घोडा काड्यापेटीहून लहान आहे आणि टकटक आवाज करतो.

एलईडी लावले तर रिले नको. दोन एलईडी दिवे मिळून चार-पाच वॅटच्या पुढे जात नाहीत. वर आणखी एक फायदा : बल्बचा फिलामेंट तापून पूर्ण उजळायला सुमारे पंचमांश सेकंद घेतो, एलईडी लगेच लागतो. मागचा माणूस ताशी साठच्या वेगानं येत असेल तर पंचमांश सेकंदात तो सव्वातीन मीटर पुढे येतो, जवळजवळ दोन स्कूटरी. मी एलईडीच घ्या म्हणालो होतो. मामांनी साधे बल्ब घेतले. "बल्ब कुठंबी मिळतो, मध्यरात्री धाब्यावर बी मिळतो," हा त्यांचा युक्तिवाद. तो खोडून काढता आला नाही, कारण रात्री वाटेत अडकणार ते, मी नाही. उस्तादांनी रिले टाकला.

इंडिकेटरचं थोडक्यात सांगतो. तिथे जादा बल्ब लावले की फ्लॅशरवर ओझं पडतं आणि टिकटिकीची चाल बिघडते. उलट सगळेच बल्ब काढून एलईडी लावले तर ओझं इतकं कमी होतं की फ्लॅशरला वाटतं बल्ब उडाला, आणि तो घाबऱ्याघाबऱ्या भराभर मिचकावू लागतो. मूळचे बल्ब तसेच ठेवून शेजारी एलईडी लावले की दोघांचंही भागतं. उस्तादांनी तेच केलं.

तर आता तो उजवा दिवा.

गाडीत प्रत्येक दिव्याला दोन वायरी लागतात, जाणारी आणि येणारी. पण येणाऱ्या वायरीचा खर्च वाचवायला बॅटरीचं ऋण टोक गाडीच्या सांगाड्यालाच जोडलेलं असतं. सगळा लोखंडी सांगाडा हीच परतीची वाट. त्यालाच बॉडी अर्थ म्हणतात. उस्तादांच्या पोऱ्यानं डाव्या दिव्याचा अर्थ चेसिसच्या बोल्टाला दिला होता. उजव्याचा दिला होता मडगार्डच्या पाइपाला, आणि त्या पाइपावर चकचकीत काळा पावडर कोटिंगचा थर. दिसायला सुंदर, विजेला बंद दार. म्हणजे उजव्या बल्बला परतीची वाटच नव्हती.

मग तो लागत कसा होता? वीज अडली की दुसरी वाट शोधते, बांध फुटलेल्या पाटासारखी. टेलची वीज तपकिरी वायरीतून उजव्या बल्बच्या ५ वॅटच्या फिलामेंटमधे शिरली. पितळी अंगापाशी आली, बाहेर जायला दार नाही. पण त्याच अंगाला २१ वॅटचा फिलामेंट जोडलेला. त्याच्यातून ती उलटी ब्रेकच्या वायरीत घुसली आणि तिथून मधल्या आणि डाव्या बल्बच्या ब्रेक-फिलामेंटमधून अर्थला पोचली. शेजाऱ्याच्या अंगणातून घरी. गार फिलामेंटचा विरोध तापलेल्याच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास असतो, त्यामुळे एवढा वळसा घालूनही टेल जवळजवळ नेहमीसारखा उजळ. बघणाऱ्याला काय कळणार?

आता ब्रेक दाबला. ब्रेकच्या वायरीत १२ व्होल्ट आले. टेलच्या वायरीत १२ होतेच. म्हणजे उजव्या बल्बच्या एका टोकाला १२ आणि दुसऱ्यालाही १२. पाटाची दोन्ही टोकं एका उंचीवर आणली की पाणी कुठे जाणार? थांबलं. दिवा विझला. गाडी थांबायला लागली नेमकी त्याच क्षणी मागच्याला उजवी कड दिसेनाशी होणार. आणि हे सगळं घडलं एका रंगाच्या थरामुळे, केसाएवढ्या जाडीच्या.

उस्तादांनी रंग खरवडला नाही. खरवडलं की तिथे गंज धरतो आणि गंजही तोच खेळ करतो, जरा सावकाश. जोडात एक ओहम विरोध आला तरी २१ वॅटच्या बल्बचा दीडएक व्होल्ट तिथेच खर्ची पडतो, आणि बल्बचा उजेड व्होल्टच्या मानानं इतका झपाट्यानं उतरतो की जेमतेम साठ टक्के उरतो. उस्तादांनी एक वेगळी हिरवी वायर ओढली, दोन्ही नव्या दिव्यांच्या अंगांपासून सरळ मूळ कपलरमधल्या हिरव्या वायरीपर्यंत. थिंबल दाबली, वर स्लीव्ह चढवून काडीनं आकसवली. काम पाच मिनिटांचं. पोऱ्याला मात्र पंधरा मिनिटं ऐकून घ्यावं लागलं, तेही तिन्ही भाषांत.

"दाबा मामा."

तिन्ही दिवे एकदम लख्ख झाले.

अंधार पडला होता. उदगीरकडून येणाऱ्या गाड्यांचे दिवे दिसायला लागले होते. हे उदगीर १९५६ पर्यंत आमच्याच बीदर जिल्ह्यात होतं, मग राज्यांची हद्द मधून गेली. त्या रस्त्यावर हंगामात उसाचे ट्रॅक्टर रात्रभर चालतात, दोन-दोन ट्रॉल्या जोडून, आणि शेवटच्या ट्रॉलीला दिवा नसणं ही नवलाईची गोष्ट नाही. ट्रॅक्टरचा दिवा पुढे, ट्रॉलीचा कपलर तुटलेला, मागे वीस फूट ऊस अंधारात. आमच्या आजोबांच्या बैलगाडीच्या आखाखाली तरी कंदील डुलत असायचा. वायर ओढणं जमत नसेल तर निदान लाल रिफ्लेक्टर लावावेत, दोन्ही कडांना. त्याला ना वायर, ना अर्थ, ना उस्ताद. त्याच्या आत एकमेकांशी काटकोनात बसवलेले तीन-तीन इवलेसे आरसे असतात आणि ज्या दिशेनं उजेड येईल त्याच दिशेला ते तो परत पाठवतात. असलेच कोन असलेली एक पेटी १९६९ मध्ये अपोलो ११ च्या अंतराळवीरांनी चंद्रावर ठेवली. पृथ्वीवरून सोडलेला लेसर तिच्यावरून अजून परत येतो. चंद्रावरून जमतं, तर ट्रॉलीवरून का नाही?

आपल्या गाडीचा मागचा दिवा चालवणाऱ्याला कधीच दिसत नाही. म्हणून एवढं करा : आज रात्री गाडी उलटी करून भिंतीला पाठ लावून उभी करा आणि ब्रेक दाबून मागे वळून भिंत बघा. लाल उजेड वाढला तर ठीक. कमी झाला, तर बल्ब आणायला धावू नका. आधी अर्थिंग बघा.